साथीला धर्म चिकटवताना

मार्च २०२० मध्ये सौदी अरेबियातून परतलेल्या इस्लामपूरच्या एका कुटुंबातील चौघांना कोरोना झाल्याचे निष्पन्न झाले. उपचार आमच्या मिरजेच्या सरकारी रुग्णालयात सुरू झाले आणि इकडे मोबाइलवर रोगापेक्षा जास्त वेगाने अफवा फिरू लागल्या. नाक्यावरचे ओळखीचे लोक माझ्याशी लांबूनच बोलत. ते अंतर नियमाचे की माझ्या नावाचे, हे कळत नव्हते. त्याच दिवसांत मी १९१८च्या साथीविषयी वाचायला घेतले.

त्या वर्षी जूनमध्ये इन्फ्लुएन्झा मुंबईत दिसला. पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरमधल्या दुसऱ्या लाटेने मात्र धडधाकट तरुण माणसे नेली. महायुद्ध चालू होते. सैनिक, कामगार, व्यापारी यांच्या श्वासाबरोबर रोग रेल्वेने देशभर गेला. देशात सुमारे १ कोटी २० लाख ते १ कोटी ८० लाख माणसे दगावल्याचे अंदाज आहेत. मिरज तेव्हाही जंक्शन होते. बेळगावची वाट आणि कोल्हापूरची वाट इथेच वेगळी होई.

मुंबईत मृत्यूंची समाजवार नोंद झाली. दर हजारी मृत्यू असे: युरोपियन ८.३, सवर्ण हिंदू १८.९, मुसलमान १९.२ आणि ‘खालच्या’ ठरवलेल्या जातींत ६१.६. हे आकडे मी पुन्हा पुन्हा वाचले. मुसलमान आणि सवर्ण हिंदू यांच्यात जवळजवळ फरक नाही. फरक आहे तो हवेशीर बंगला आणि दाटीची कोंदट खोली यांच्यात, पोटभर जेवण आणि उपासमार यांच्यात.

शंभर वर्षांनी डेल्टानेही हेच दाखवले. विषाणू शरीरात स्वतःच्या नकला काढतो, त्यात चुका होतात. बहुतेक चुका वाया जातात. एखादीमुळे तो अधिक सहज पसरतो आणि बाकीच्या प्रकारांना मागे टाकतो. डेल्टाचे पहिले नमुने भारतातच, ऑक्टोबर २०२० मधले. २०२१च्या उन्हाळ्यात घरातला एक आजारी पडला की पाठोपाठ सगळे घर पडे. त्या वेळी कोणत्याही वस्तीला कारण शोधायला परधर्माचा शेजारी पुरला नाही.

इस्लामपूरची ती साखळी तुटली, रुग्ण बरे होऊन घरी गेले. अफवा पसरवणाऱ्यांपैकी कुणी माफी मागितल्याचे मी ऐकले नाही. पुढची साथ येईल तेव्हा नावे नव्हे, खोल्यांच्या खिडक्या मोजा, एवढेच माझे म्हणणे.