अर्धा चेहरा, अर्धे अंग

जिनिव्हाच्या गास्पार व्ह्यूसो या डॉक्टरांनी 1810 साली लंडनच्या वैद्यांपुढे स्वतःचेच दुखणे मांडले. अचानक गरगरले, आवाज बसला, घास गिळेना, उचकी लागली, डावी पापणी उतरली. चेहऱ्याची एक बाजू बधिर आणि अंगाला ऊन-गार कळेना ते मात्र दुसऱ्या बाजूला. हातापायांत ताकद असल्याने याला पक्षाघात तरी कसा म्हणावे?

हे कोडे सोडवले डान्झिगच्या (आताचे ग्दान्स्क) आडोल्फ वालेनबर्ग यांनी. 1895 साली अशाच एका रुग्णाच्या संवेदना त्यांनी बारकाईने तपासल्या. वेदना आणि उष्णतेचे अंगाकडून येणारे तंतू मज्जारज्जूतच बाजू बदलतात, चेहऱ्याचे तंतू मात्र त्याच बाजूने मेडुलात (मज्जारज्जूला जोडलेल्या मेंदूच्या तळभागात) खाली उतरतात. दोन्ही जवळजवळ येतात ती जागा मेडुलाच्या कडेला, आणि बिघाड तिथेच असणार, हे त्यांनी रुग्ण जिवंत असतानाच सांगितले. रुग्णाच्या मृत्यूनंतरचे शवविच्छेदन 1901 मध्ये प्रसिद्ध झाले आणि निदान खरे ठरले. मेंदूचे चित्र काढणारे कोणतेही यंत्र हाताशी नसताना केलेले हे निदान मला वैद्यकातल्या थोर कामांपैकी एक वाटते. ज्यू असल्याने याच माणसाला पुढे नाझींमुळे डान्झिग सोडावे लागले.

1971 साली लंडनमध्ये सीटी स्कॅन आला, पण मेंदूच्या या तळमजल्यात तो चाचपडला. कानामागच्या जाड हाडांमुळे चित्रावर काळे पट्टे उमटतात आणि मेडुला झाकला जातो. एमआरआयला हाडांचा अडथळा नव्हता. खरी कलाटणी एमआरआयच्याच डिफ्युजन तंत्राने दिली. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटला की तिथल्या पेशी फुगतात, पाण्याच्या कणांची हालचाल मंदावते आणि तेवढा भाग पांढरा उजळतो. 1990 मध्ये मायकेल मोझली यांच्या गटाने हे मांजरांच्या मेंदूत दाखवले, ते पाऊण तासात! आज वालेनबर्ग सिंड्रोममध्ये, म्हणजे याच दुखण्यात, मेडुलाच्या कडेचा तो ठिपका जिवंत माणसात दिसतो, आणि अँजिओग्राफीने बंद पडलेली धमनीही कळते. ती बहुतेकदा मानेतून वर जाणारी व्हर्टिब्रल धमनी असते, हे मेंदूविकारतज्ज्ञ मिलर फिशर यांनी 1961 मध्येच शवविच्छेदनांवरून सांगितले होते.

तरीही पहिल्या एक-दोन दिवसांत इतका लहान ठिपका डिफ्युजनलाही हुकू शकतो. म्हणून अचानक चक्कर येऊन तोल जात असेल, घास अडकत असेल, आवाज घोगरा झाला असेल, तर पहिला एमआरआय स्वच्छ आला म्हणून रुग्णाला घरी नेऊ नका. मेंदूविकारतज्ज्ञांकडून डोळ्यांच्या हालचाली आणि संवेदना तपासून घ्या.