घाणा परत आला, करडई मात्र आली नाही



‘लाकडी घाण्याचं तेल घ्यावं का हो काकू? रिफाइंडच्या जवळजवळ दुप्पट भाव सांगतात.’ गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न मला मंदिरात, लग्नात आणि व्हॉट्सअॅपवरही विचारला गेला. एका ओळीत उत्तर देता येईल, पण मग आपल्या स्वयंपाकघरातला तेलाचा डबा गेल्या नव्वद वर्षांत कितीदा बदलला आणि का बदलला, हे राहून जाईल. मी बी.कॉम. झालेली बाई, त्यामुळे थोडा हिशेबही मांडणार आहे.

आपल्या वऱ्हाडात पूर्वी तेल विकत आणायचं म्हणजे तेल्याकडे बी घेऊन जायचं. खरिपात तीळ आणि फल्ली, रब्बीत करडई आणि जवस. करडई काटेरी, म्हणून गुरं आत शिरू नयेत यासाठी ती ज्वारी-गव्हाच्या धुऱ्याच्या कडेनेही पेरत. तेल्याचा घाणा म्हणजे एक मोठं उखळ, त्यात फिरणारा जाड दांडा आणि डोळ्यांवर झापड बांधलेला बैल. तेल आपल्याला मिळे. ढेप घरच्या गुरांना जाई किंवा मजुरीत तेल्याकडे राही. बी गावचं, तेल गावचं, ढेप गावची आणि पैसाही गावातच. तेल फार दिवस टिकत नसे, म्हणून थोडं थोडं काढून आणत.

पण घाण्याची एक बाजू लंगडी होती. बैलाचं काम सावकाश, आणि ढेपेत दहा-बारा टक्के तेल तसंच राहून जाई. आपल्या शेजारच्या वर्ध्यात याचाच विचार झाला. १९३४ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली त्याचं काम चाले. तिथे झव्हेरभाई पटेलांनी घाण्यात सुधारणा केल्या. बैलाला कमी कष्ट पडावेत आणि तेल जास्त निघावं, हा त्यामागचा विचार होता.

त्याच सुमारास दुसरीकडे एक पिवळा डबा तयार होत होता. १९३७ मध्ये लिव्हर कंपनीच्या हिंदुस्थान वनस्पतीने डालडा बाजारात आणला. तेलात हायड्रोजन सोडून ते तुपासारखं घट्ट करायचं, ही त्यामागची युक्ती. तूप महाग, तेल हलकं समजलं जाई. या दोहोंच्या मधली जागा डालड्याने घेतली. डब्याच्या आकाराच्या गाड्या फिरवून जाहिरात झाली आणि वनस्पती पौष्टिक असल्याचं सांगितलं गेलं. तुपात त्याची भेसळ सहज होऊ लागली, तेव्हा सरकारने नियम केला की वनस्पतीत किमान पाच टक्के तिळाचं तेल असलंच पाहिजे. तिळाचं तेल रासायनिक चाचणीत लगेच ओळखू येतं, त्यामुळे तुपातली भेसळ पकडता येई. १९५० मध्ये वनस्पतीवर बंदी घालण्याचं विधेयकही संसदेत आलं होतं, पण बंदी काही आली नाही.

आपल्या समाजाला वनस्पतीचा धक्का बसला तो १९८३ मध्ये. वनस्पतीत परदेशातून आणलेली गुरांची चरबी मिसळली जात असल्याचं उघड झालं आणि देशभर गदारोळ उठला. ती बातमी आली त्या दिवशी सासूबाईंनी घरातला अर्धा भरलेला डबा बाहेर काढून ठेवला. पुन्हा तो पदार्थ आमच्या घरात आला नाही. शाकाहारी पदार्थावर हिरवा ठिपका छापण्याचा नियम २००१ चा. तोवर बायकांपुढे एकच मार्ग होता, जिथे शंका तिथे वस्तू सोडायची.

पुढे तर पौष्टिकतेचा तो दावाही उलटला. तेल अर्धवट घट्ट करताना त्यात ट्रान्स फॅट तयार होतं आणि ते हृदयाला घातक असतं, हे सिद्ध झालं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याची मर्यादा २०२१ मध्ये तीन टक्के आणि जानेवारी २०२२ पासून दोन टक्के केली.

वनस्पतीनंतर आलं रिफाइंड. मोठ्या कारखान्यात बियांतलं तेल हेक्सेन या द्रावकाने काढतात. त्यामुळे पेंडीत जेमतेम एक टक्का तेल उरतं. मग ते अल्कलीने धुतात, मातीतून गाळून रंग काढतात आणि दोनशे अंशांवर वाफ सोडून वास काढतात. यातून निघतं ते पातळ, बिनवासाचं, टिकाऊ तेल. ते विकलं गेलं हृदयाच्या काळजीवर. सफोलाचंच पाहा. ते नाव करडईच्या इंग्रजी नावावरून आलं. आपल्या तेल्याच्या घाण्यातली करडई शहरात ‘हृदयासाठी’ म्हणून महाग झाली, आणि गावात मात्र तेच तेल गरिबाचं ठरलं. पुढे त्या ब्रँडमध्येही राईस ब्रॅनसारख्या तेलांचं मिश्रण आलं.

१९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली आणि साठाहून अधिक माणसं दगावली. त्या भीतीने सुट्या तेलावरचा विश्वास देशभर उडाला आणि पाकीटबंद तेलाचा रस्ता आणखी मोकळा झाला.

पण घाण्याला खरा फटका शेतातून बसला असं मला वाटतं. तेलाची आयात कमी व्हावी म्हणून १९८६ मध्ये केंद्र सरकारने तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू केलं. सोयाबीन विदर्भात पसरलं ते याच सुमारास आणि त्यानंतर. शंभर-सव्वाशे दिवसांत पीक निघतं, मळणी यंत्रावर होते, पैसा लवकर हाती येतो. सोयाबीन निघालं की त्यावर हरभरा. शेतकऱ्याचं यात काही चुकलं असं मी म्हणणार नाही, काटेरी करडई कापायला आज मजूर कुठे मिळतो? वाशीम १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा जिल्हा झाला आणि आज त्याची ओळखच सोयाबीनचा जिल्हा अशी आहे.

आता हा हिशेब पाहा. तिळात निम्मं तेल असतं, फल्लीदाण्यात पंचेचाळीस टक्क्यांच्या पुढे, जवसात चाळीसच्या आसपास, करडईत तीसच्या आसपास. सोयाबीनमध्ये मात्र जेमतेम अठरा ते वीस टक्के. घाण्याने ते पिळलं, तर निम्मं तेल ढेपेतच राहील. म्हणजे सोयाबीन आलं तसं तेल्याचं कामच संपलं, कारण हे बी फक्त कारखान्यालाच परवडतं. आपल्या शेतकऱ्याला मिळणारा भावही आता पेंडीच्या निर्यातीवर आणि अमेरिका, ब्राझील, अर्जेंटिनाच्या पिकावर हलतो. आणि इतकं सोयाबीन पिकवूनही देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून अधिक आपण बाहेरून आणतो.

अशा वेळी घाणा परत आला आहे. बैलाच्या जागी विजेची मोटर आहे, ऑर्डर फोनवर घेतात, पैसे क्यूआर कोडवर. २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत अशा लहान उद्योगांसाठी ३५ टक्के अनुदानाची तरतूदही झाली. जवसाचं तर नशीबच पालटलं. आपल्या चटणीतलं जवस ‘फ्लॅक्स सीड’ नावाने लहान पाकिटात चढ्या भावाने मिळतं.

मग घ्यावं का? आधी भाव तपासा. शंभर किलो दाण्यांतून घाण्यावर साधारण चाळीस किलो तेल निघतं, म्हणजे एक किलो तेलाला अडीच किलो दाणे. समजा दाणे १२० रुपये किलो आहेत, तर झाले ३०० रुपये. दीड किलो ढेप ४० रुपयांनी विकली, तर ६० परत आले. उरले २४०. यात मजुरी, वीज, बाटली, दुकानभाडं काहीच धरलेलं नाही. तेव्हा त्या दिवशीचा दाण्याचा भाव विचारा आणि हाच हिशेब करा. तेल त्याहून स्वस्त असेल, तर त्यात दुसरं काहीतरी आहे असं समजा.

आणि लाकडात औषध नसतं, हेही लक्षात ठेवा. घाण्याच्या तेलात मूळ वास, चव आणि ई जीवनसत्त्व जास्त टिकतं, हे खरं. पण बी बुरशीचं असेल, तर ते विषही तेलात उतरतं, रिफाइंड करताना ते निघून जातं. म्हणून घाण्याचं तेल घेताना आधी बी पाहा. तेल थोडं आणा, उन्हात ठेवू नका, तळणात पुन्हा पुन्हा वापरू नका.

आपल्या धर्मात सहा बाह्य तपांत रसपरित्याग आहे. दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ, यातला एखादा रस काही दिवस सोडायचा. आरोग्याचा दावा १९३७ पासून आजवर विकणाऱ्यानेच केला आहे, आणि ‘थोडं कमी घाला’ हे सांगून कुणाचाच डबा खपत नाही. ते घरातच ठरवावं लागतं. समजा, तुमच्याकडे महिन्याला पाच किलो रिफाइंड १५० रुपयांनी लागतं, म्हणजे ७५०. भाजीवरची तर्री कमी करून अडीच किलोवर आलात, तर ३०० रुपयांचं घाण्याचं तेलही तेवढ्याच पैशात बसतं. मी तसंच करते.

तेल घेताना दुकानदाराला एक मात्र विचारा, ‘बी कुठलं आहे?’ बहुतेक ठिकाणी ते जिल्ह्याबाहेरून आलेलं असेल. आपण विचारत राहिलो आणि चार घरांनी मिळून आपल्या गावच्या करडईची, तिळाची आगाऊ मागणी नोंदवली, तर एखादा शेतकरी हरभऱ्याच्या कडेला चार ओळी पेरेलही. तुमच्या गावात अजून कुणी करडई पेरत असेल, तर मला नक्की कळवा. या हिवाळ्यात मला पंधरा किलो हवी आहे.