डोक्यावर उभं राहण्याची गोष्ट

परवा पुतण्याचा फोन आला. नोकरीपायी महिन्यातले पंधरा-वीस दिवस तो बाहेरगावी असतो. आज चेन्नई, उद्या गुरगाव. वय अवघं एकेचाळीस आणि डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलंय. मी विचारलं, "व्यायाम?" तर म्हणाला, "काका, सारखा प्रवास. कुठे करणार आणि कधी?"

हेच वाक्य मी त्याच्या वडिलांच्या तोंडून ऐकलं होतं. माझा धाकटा भाऊ औषधांच्या बॅगा घेऊन आयुष्यभर फिरतीवर होता. एस. टी., लॉज, बाहेरचं जेवण. त्रेपन्नाव्या वर्षी गेला. घरची मंडळी हे वाचतील, म्हणून जास्त लिहीत नाही.

फोनवर मला काही बोलता आलं नाही. पण इतिहास शिकवण्यात हयात गेली, त्यामुळे उत्तरं सुचतात ती मागच्या काळातली! आणि हे उत्तर तर आमच्या नगरच्या किल्ल्यातच आहे. (आता अहिल्यानगर. जुन्या सवयीने नगरच तोंडात येतं, सांभाळून घ्या.)

१९३६-३७ च्या प्रांतिक निवडणुकांच्या वेळी जवाहरलाल नेहरूंनी देशभर दौरा केला. सुमारे चार महिन्यांत पन्नास हजार मैल, असा हिशोब त्यांनीच 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'त दिला आहे. विमान, आगगाडी, मोटार तर होतीच, शिवाय बैलगाडी, सायकल, हत्ती, उंट, घोडा, होडी आणि जिथे काहीच जात नाही तिथे पाय. सभांना मिळून कोटभर लोक आले असावेत, असा त्यांचा अंदाज. तेव्हा त्यांचं वय सत्तेचाळीस. आमच्या पुतण्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे!

आता या माणसाचा व्यायाम कोणता? शीर्षासन. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी त्याबद्दल लिहिलंय. शरीराला फायदा होत असेलच, पण त्यांना ते आवडायचं वेगळ्याच कारणाने. असं उलटं उभं राहणं जरा हास्यास्पद दिसतं, त्यामुळे मन हलकं होतं आणि आयुष्यातल्या विचित्रपणाकडे थोडं सोशिकपणे बघता येतं. पुढे पंतप्रधान झाल्यावरही त्यांनी शीर्षासन सोडलं नाही. विचार करा, त्याला लागतं काय? एक सतरंजी आणि हातभर जागा. तालीम नको, मैदान नको, जोडीदार नको.

आणि मग एके दिवशी हा फिरता माणूस एकदम जागच्या जागी थांबवला गेला. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत धरपकड झाली. गांधीजींना पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये नेलं आणि काँग्रेस कार्यकारिणीच्या मंडळींना आणलं आमच्या किल्ल्यात. सरदार पटेल, मौलाना आझाद, गोविंदवल्लभ पंत, कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव... एकूण बाराजण. नेहरू इथे २८ मार्च १९४५ पर्यंत होते. पन्नास हजार मैल फिरलेल्या माणसाच्या वाट्याला एक अंगण आलं.

तिथे त्यांनी हातात कुदळ घेतली. फुलांचे वाफे करायचे म्हणून भर उन्हातसुद्धा तासन् तास खणायचे. जमीन अगदी वाईट, दगडगोट्यांची, जुन्या इमारतींच्या ढिगाऱ्याने भरलेली. खणता खणता जुन्या भिंती आणि घुमटांचे माथे लागायला लागले. व्यायामाला म्हणून खणायला घेतलं आणि खाली निजामशाही निघाली! फार खोल खणायची अर्थातच परवानगी नव्हती. पण याच किल्ल्यात चांदबिबी अकबराच्या फौजेशी लढली होती, हे त्यांना ठाऊक होतं आणि पुस्तकाच्या सुरुवातीलाच, १३ एप्रिल १९४४ च्या मजकुरात, ही खणाखणी आणि चांदबिबी दोन्ही आहेत. एवढा मोठा ग्रंथ पुढच्या पाचेक महिन्यांत लिहून झाला. मी वर्गात सांगायचो, की हे पुस्तक अर्धं कुदळीने लिहिलंय. मुलं हसायची. किल्ला दाखवायला नेलं की मात्र ती खोली सोडून आधी अंगणाकडे धावायची.

कुणी म्हणेल, नेहरूंचं काय, दिमतीला माणसं होती. खरं आहे. मग विनोबा घ्या. पोटाच्या अल्सरने बेजार झालेला, हाडकुळा माणूस. १९५१ साली पंचवार्षिक योजनेवर बोलायला नेहरूंनी त्यांना दिल्लीला बोलावलं, तर ते पवनारहून चालत निघाले. १२ सप्टेंबरला निघून १३ नोव्हेंबरला पोचले! त्यांनी तर प्रवास आणि व्यायाम हा भेदच ठेवला नाही. अर्थात आमच्या पुतण्याने गुरगावला चालत जावं, असं माझं म्हणणं नाही.

शीर्षासनाचंही नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी परीक्षेच्या ड्यूटीवर असताना एका लॉजमध्ये मी हा प्रयोग केला होता. नेहरूंचं पान नुकतंच वाचलेलं, अंगात जोर. खाली आलो तो थेट लोखंडी कपाटावर. मॅनेजर धावत आला, त्याला वाटलं चोर शिरला. सहकाऱ्यांनी पुढे वर्षभर मला 'पंडितजी' म्हणून छळलं. तेव्हापासून परगावी गेलो की मी साधे बारा सूर्यनमस्कार घालायचो, कॉट सरकवून, पंचा अंथरून. गुडघ्यांनी संप पुकारेपर्यंत ते चाललं. भावाला हे तेव्हाच नीट बसवून सांगायला हवं होतं. मी फक्त कपाटाची गंमत सांगितली आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो.

असो. यातलं थोडंफार मी पुतण्याला पत्रासारखं लांबलचक लिहून पाठवलं. काल त्याचा एक फोटो आला, हॉटेलच्या जिन्याचा. खोली सातव्या मजल्यावर आहे म्हणे. चढून गेला की नुसताच फोटो काढला, ते विचारायचं राहिलंय. आज रात्री फोन करतो.