नागापूर आणि नगरच्या जुन्या पेठा

नागापूर हे अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे अधिकृत नाव अहमदनगर, बोलीत आजही नुसते ‘नगर’) शहराच्या उत्तरेस, मनमाड रस्त्यावर, सीना नदीकाठी वसलेले जुने गाव असून आता ते शहराचे उपनगर झाले आहे. गावाला लागून महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आहे, बोल्हेगाव शेजारी आहे, आणि वसाहतीच्या वाढीबरोबर उभ्या राहिलेल्या नवनागापूरची ग्रामपंचायत वेगळी आहे. सीनेच्या उगमाचे दोन प्रवाह मानले जातात, एक पश्चिमेकडील जामगावच्या बाजूचा आणि दुसरा ईशान्येकडील जेऊरच्या बाजूचा. नागापूरचे वर्णन नगरच्या जुन्या पेठांना वगळून करता येत नाही, कारण नगर शहराने एका काळी येथून पाणी नेले आणि पुढच्या काळात पेठांमधला रोजगार येथे आणून सोडला. पेठांमधून काय नाहीसे झाले हे कळल्याशिवाय उपनगरात काय आले याचा उलगडा होत नाही.

निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने १४९० मध्ये भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केल्यावर त्याच परिसरात हे शहर वसवले. सीना जवळ असली तरी उन्हाळ्यात तिच्यावर विसंबता येत नसे, म्हणून भोवतालच्या उंच जमिनीवरील नागापूर, कापूरवाडी, शेंडी, वडगाव अशा गावांकडून शहरात ‘खापरी नळ’ आणले गेले. खापरी नळ म्हणजे भाजलेल्या मातीच्या नळ्या एकमेकींत बसवून, सांधे चुन्याने बुजवून, जमिनीखालून नेलेली पाण्याची वाट होय. उगमापाशी विहिरी खणून त्यांत झिरपणारे पाणी गोळा करत, ते केवळ उताराच्या बळावर पुढे जाई, आणि वाटेत कोंडलेली हवा बाहेर पडावी व गाळ काढता यावा म्हणून ठरावीक अंतरावर दगडी उच्छ्वास बांधलेले असत. हे पाणी शहरात जेथे उघड्यावर येई त्या हौदाला किंवा कारंजाला धरून वस्ती वाढली. लक्ष्मी कारंजा आणि चौपाटी कारंजा ही ठिकाणांची नावे त्याच व्यवस्थेची खूण असून, धरणाचे पाणी नळाने घरोघर आल्यावरही ती पत्त्यांतून गेलेली नाहीत.

नगरच्या स्थळनामांचे हे वैशिष्ट्य लक्षात ठेवण्यासारखे आहे. वस्तू जाते, नाव मागे राहते. सोळाव्या शतकात हुसेन निजामशहाने शहराभोवती तट घातला, त्याला अनेक वेशी होत्या. त्यांपैकी माळीवाडा वेस आणि दिल्ली दरवाजा एवढेच आज रस्त्याने जाणाऱ्याच्या नजरेत भरतात, परंतु झेंडीगेट, मंगलगेट ही नावे रिक्षावाल्यापासून टपाल खात्यापर्यंत सर्वांच्या तोंडी आहेत. रस्ते जेथे एकत्र येतात त्या जागेला नगरमध्ये ‘खुंट’ म्हणत, त्यावरून तेलीखुंट आणि रामचंद्र खुंट ही नावे आली. डाळमंडई, आडतेबाजार, गंजबाजार, कापडबाजार, मोचीगल्ली, घासगल्ली यांत तर पेठेचा सारा व्यवहारच नोंदलेला आहे. आडत म्हणजे शेतकऱ्याचा माल दलालीवर विकून देण्याचा धंदा आणि तो करणारा तो आडत्या. हा व्यवहार बाजार समितीच्या आवारात गेला, कांद्याचा बाजार शहराबाहेर नेप्तीला भरू लागला, आणि ज्या रस्त्यांवर बैलगाड्या सोडून पोती उतरवली जात तेथे किरकोळ विक्रीची दुकाने आली. कापडबाजार मात्र आजही गजबजलेला असून सणासुदीला त्यातून वाट काढणे अवघड जाते, हे मुद्दाम नमूद केले पाहिजे, कारण जुन्या पेठा सरसकट ओस पडल्या असे समजणे चुकीचे ठरेल. दुकान टिकले पण त्यामागचा कारागीर गेला, असेच बहुतेक ठिकाणी घडले.

हे कारागीर मुख्यतः दोन प्रकारचे होते. एकोणिसाव्या शतकातील नगरची ख्याती लुगड्यांसाठी आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी होती. विणकरांत तेलंगणातून आलेला पद्मशाली समाज मोठा असून त्याची वस्ती तोफखान्यासारख्या भागांत होती. घरातच ‘खड्डामाग’ असे, म्हणजे जमिनीत खड्डा करून विणकर त्याच्या काठावर बसे आणि पाय आत सोडून पावड्या दाबी, त्यामुळे माग घराच्या ओटीवर मावत असे व बायकामुले सूत भरण्याच्या, कांड्या करण्याच्या कामाला हाताशी असत. गिरणीचे कापड आणि पुढे यंत्रमाग यांच्यापुढे हे माग टिकले नाहीत, तेव्हा याच घरांतील स्त्रिया विड्या वळू लागल्या आणि नगर विडी कामगारांचे शहर म्हणूनही ओळखले जाऊ लागले. भांड्यांच्या बाबतीत ऱ्हास अधिक हळू झाला. हंड्यावरचे ठोके तांबट हाताने, एकाला लागून एक असे मारत असे. त्याने पत्रा घट्ट होई, आणि ठोक्यांच्या ओळी सरळ आहेत की नाही यावरून गिऱ्हाईक हात ओळखत असे. त्याच्या जोडीला कल्हईवाला लागे. तो भाता लावून भांडे तापवी, नवसागराची पूड टाकून आतला काळेपणा काढी, कथलाची कांडी टेकवी आणि कापसाच्या बोळ्याने ते पांढरे पाणी सर्व बाजूंनी फिरवी. नवसागराचा झोंबणारा धूर गल्लीभर पसरे. स्टेनलेस स्टीलला कल्हई लागत नाही, आणि एवढ्या एका कारणाने पेठांमधील एक संपूर्ण धंदा दोन पिढ्यांत संपला.

पेठांच्या जडणघडणीत ख्रिस्ती मंडळींचे स्थान इतर अनेक मराठी शहरांपेक्षा नगरमध्ये मोठे आहे. मुंबईत १८१३ पासून काम करणाऱ्या अमेरिकन मिशनने १८३१ च्या अखेरीस येथे ठाणे उघडले. ग्रेव्हज, रीड आणि हर्वे हे पहिले मिशनरी होते, त्यांपैकी हर्वे थोड्याच महिन्यांत पटकीने दगावले. पुढे ‘अमेरिकन मराठी मिशन’ म्हणून प्रसिद्ध झालेली ही संस्था मंडळीवादी परंपरेतील होती. या परंपरेत चर्च म्हणजे इमारत असा अर्थ नसून एकत्र उपासना करणारी, आपला पाळक स्वतः निवडणारी ‘मंडळी’ असा असतो. मराठी ख्रिस्ती बोलीत ‘चर्च’ऐवजी ‘मंडळी’ हा शब्द रुळला तो याच अर्थाने, आणि नगरमधील जुन्या चर्चांचा शोध घेताना हा भेद ध्यानात ठेवावा लागतो, कारण अनेकदा इमारत तशीच राहून मंडळीचे नाव गेले, तर कधी मंडळी दुसरीकडे गेली आणि जागा शाळेला मिळाली. आरंभीच्या उपासना शाळेच्या खोलीत किंवा एखाद्या घराच्या ओसरीवर भरत. जमिनीवर सतरंज्या अंथरून एका बाजूस पुरुष व दुसऱ्या बाजूस स्त्रिया बसत आणि गाणी मराठी चालींवर म्हटली जात. १८३५ मध्ये आलेले हेन्री बॅलंटाइन यांनी मराठी उपासनागीतांचा पाया घातला, कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रूढ केले, आणि नारायण वामन टिळकांनी या गायनाला अभंगाची भाषा दिली. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला, तरी त्यांची आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांची पुढील अनेक वर्षे नगरमध्ये गेली; नगरच्या ख्रिस्ती वस्तीतील दैनंदिन जीवन, दुष्काळ आणि प्लेग यांचे जे चित्र लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे ते कोणत्याही शासकीय अहवालापेक्षा भरवशाचे व जिवंत आहे.

मिशनच्या पेठांमधील कामांतून दोन गोष्टी शहराच्या सीमेपलीकडे गेल्या. १८४२ मध्ये नगरमध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले, आणि १८३९ मध्ये नगरला आलेल्या सिंथिया फॅरार यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुले यांनी या शाळा पाहिल्या होत्या आणि सावित्रीबाईंनी फॅरारबाईंकडे अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. फॅरारबाई १८६२ मध्ये नगरमध्येच वारल्या. मुलींच्या शिक्षणाच्या इतिहासात पुण्याचे नाव जेवढ्या आदराने घेतले जाते तेवढ्याच आदराने नगरच्या या शाळांचे घेतले जायला हवे, आणि त्या ज्या गल्ल्यांत भरत त्या गल्ल्यांवर त्याची साधी पाटीही असू नये, ही खेदाची बाब आहे.

दुष्काळांनी, विशेषतः १८९९–१९०० च्या दुष्काळाने, मंडळ्यांचे स्वरूप पालटले. मिशनचे रॉबर्ट ह्यूम यांनी दुष्काळनिवारणाचे मोठे काम केले, अनाथ मुलांसाठी वसतिगृहे व उद्योगशाळा निघाल्या, आणि याच सुमारास चर्चिल या मिशनरी अभियंत्याने अधिक वेगाने चालणारा हातमाग येथे तयार केला. पेठेतील विणकर आणि मिशनची उद्योगशाळा यांचा संबंध येथे प्रत्यक्ष जुळतो. ह्यूम यांचे नाव शहरातील ह्यूम मेमोरियल चर्चला आहे. मिशनचे रुग्णालय १९३९ मध्ये मुक्तिफौजेकडे जाऊन ‘बूथ हॉस्पिटल’ झाले, आणि १९४७ मध्ये भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज स्थापन केले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी निरनिराळे प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले, तेव्हा अमेरिकन मिशनच्या आणि येथेच काम करणाऱ्या अँग्लिकन मिशनच्या जुन्या ओळखी कागदोपत्री मिटल्या. वयस्क माणसे मात्र आपली मंडळी जुन्याच नावाने सांगत.

दौंड–मनमाड रेल्वे १८७८ मध्ये सुरू झाल्यापासून शहर तटाबाहेर सरकू लागले होते, पण पेठांमधून माणसे मोठ्या प्रमाणावर बाहेर पडली ती औद्योगिक वसाहतीमुळे. लार्सन अँड टुब्रो, क्रॉम्प्टन यांसारख्या कारखान्यांनी विणकराच्या, तांबटाच्या आणि पाळकाच्याही मुलाला पगाराची नोकरी दिली, आणि सावेडी, बोल्हेगाव, नागापूर या बाजूंना घरे बांधली गेली. वंशपरंपरेच्या धंद्यात अडकलेल्या तरुणांना यातून जी मोकळीक मिळाली तिचे मोल कमी लेखता येणार नाही. मात्र पेठेतले घर विकले गेले की ओटीवरचा माग, तांबटाची ऐरण, दुकानाची वहीखाती ही भंगारात किंवा रद्दीत जातात, आणि नगरच्या बाबतीत ही हानी मोठी आहे, कारण या शहराच्या व्यापाराचा इतिहास दरबारी कागदांपेक्षा अशा वह्यांतच अधिक होता. मंडळ्यांच्या बाप्तिस्मा व विवाह नोंदवह्या त्या मानाने सुदैवी, कारण त्या जपून ठेवण्याची पद्धत होती. त्यांत माणसाच्या नावासमोर गाव आणि धंदा लिहिलेला आढळतो, आणि त्यावरून कोण कोठून शहरात आले व कोणत्या गल्लीत राहिले हे कळते.

नागापूरच्या खापरी नळाची वाट आता वस्त्या, रस्ते आणि गाळे यांच्याखाली आहे. त्याच दिशेने, मनमाड रस्त्यावरून, पाळी बदलण्याच्या वेळी कामगारांच्या बसगाड्या आणि दुचाक्या शहराकडे येतात, आणि त्यांतील पेठेतला माणूस उतरण्याचे ठिकाण सांगताना लक्ष्मी कारंजा, तेलीखुंट किंवा मंगलगेट असेच सांगतो.