किती बँडचा?

आमच्या लहानपणी रेडिओ घ्यायला गेलं की दुकानदार आधी विचारायचा, "किती बँडचा पाहिजे?" मीडियम वेव्हवर जवळचं स्टेशन लागायचं, शॉर्ट वेव्हवर थेट सिलोन. १९५२ मध्ये नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले डॉ. बा. वि. केसकर, म्हणजे आपलेच मराठी गृहस्थ, त्यांना सिनेसंगीताचं वावडं. आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ गेली, आणि बायकांनी बुधवारी रात्री शॉर्ट वेव्हचा काटा फिरवून बिनाका गीतमाला पकडली. बंदी कुणी का घालेना, बँड असला की झालं! १९५७ ला सरकारनेच विविध भारती सुरू केली.

पण तो रेडिओ घरात ठेवायलाही परवाना लागे. १९३३ च्या बिनतारी कायद्याने परवान्याशिवाय असं यंत्र बाळगणं गुन्हा होता. पोस्टात दरवर्षी पैसे भरायचे नि पुस्तिकेवर नोंद करून आणायची. आजच्या मुलींना सांगितलं तर हसतील. त्यांच्या घरात तर वायफायची यंत्रं बिनापरवाना डझनाने असतात.

ही मोकळीक आपल्याकडे फार जुनी नाही. जानेवारी २००५ मध्ये सरकारने नियम काढून २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला. ५ गिगाहर्ट्झचा काही भाग त्याच वेळी मोकळा झाला, पण चार भिंतींच्या आतल्या वापरापुरता. २०१८ च्या ऑक्टोबरात तो आणखी रुंद झाला, एकूण ६०५ मेगाहर्ट्झ, आणि घराबाहेरही चालेल असं ठरलं. २.४ चा पट्टा जेमतेम ८३.५ मेगाहर्ट्झचा. एकमेकींना धक्का न लावता त्यात तीनच वाटा बसतात, एक, सहा आणि अकरा नंबरची.

आता आमच्या सुरतेतलं गोपीपुरा डोळ्यांपुढे आणा. भिंतीला भिंत लागलेली लांबट घरं, जाड विटा. मोबाईल उघडला की शेजाऱ्यापाजाऱ्यांची पंधरा-वीस नावं दिसतात, आणि सगळ्यांची गर्दी त्या तीन वाटांवर. त्यात भर स्वयंपाकघराची. मायक्रोवेव्हही २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो. मी पापड भाजायला ठेवला की आतून सासूबाईंची हाक यायची, "अगं, महाराजसाहेब पुन्हा थिजले बघ!"

सासूबाई पंच्याऐंशीच्या. गुडघ्यांमुळे उपाश्रयात जाणं बंद झालेलं. चातुर्मासात टीव्हीला लावलेल्या त्या बोटभर कांडीवरून प्रवचन ऐकणं, एवढाच त्यांचा बाहेरच्या जगाशी धागा उरलेला. तोच मधे मधे तुटायचा. त्या तक्रार करत नसत, नुसत्या डोळे मिटून बसत. मला तेच जास्त लागे.

आमची कांडी फक्त २.४ ची. सुरुवातीला अशा पुष्कळ निघाल्या. गूगलचं २०१३ चं पहिलं क्रोमकास्टही एकाच बँडचं होतं, ५ ची सोय २०१५ च्या दुसऱ्या क्रोमकास्टमध्ये आली. ॲमेझॉनच्या २०१४ च्या फायर टीव्ही स्टिकमध्ये मात्र दोन्ही बँड पहिल्यापासून. स्वस्त वस्तूत एक बँड गाळायचा आणि खोक्यावर बारीक अक्षरात लिहायचं, हे मला पटत नाही. रेडिओवाला निदान तोंडाने सांगायचा तरी.

दुकानदार म्हणाला, "बहेन, दोन बँडवाली घेऊन जा." पण वेसूच्या नव्या फ्लॅटात, एकाच हॉलमध्ये टीव्ही आणि राउटर असेल तर ५ चा पट्टा झकास. आमचा राउटर रस्त्याकडच्या खोलीत, सासूबाई मागच्या, मधे तीन भिंती. २.४ ची लहर साधारण १२.५ सेंटीमीटर लांब, ५ ची जेमतेम सहा. लांब लहर भिंतीतून बरी निभावते, आखूड लवकर दमते. सिलोनची शॉर्ट वेव्ह वरच्या हवेच्या थरावरून उलटून समुद्र ओलांडायची, ही मात्र तिसऱ्या भिंतीशीच संपते.

शेवटी वायरमनकडून आतल्या खोलीपर्यंत साधी केबल ओढून घेतली. तिथे दुसरा छोटा राउटर आणि दोन बँडची कांडी. घेताना मी खोक्यावरची अक्षरं वाचली. ८०२.११ या आकड्यापुढे बी, जी, एन एवढंच असेल तर बहुधा एकच बँड. ए किंवा एसी असेल तर ५ चाही आहे. नुसत्या एनवर विसंबू नका, तो दोन्हीकडे चालतो.

बाकी सासूबाईंना बँडशी देणंघेणं नाही. परवा मी पापड भाजत होते, आतून हाक आली नाही म्हणून डोकावले. प्रवचन चालू होतं, आणि त्या मला हाताने खुणावत होत्या, दार लाव, आवाज येतो.