आठ वॉट आणि कर्णा

जुन्या काळातील एखादी वस्तू तिच्या सोबत्यांपासून वेगळी काढावयाची, आजच्या वस्तूंच्या पंक्तीस बसवावयाची, आणि ती दुबळी ठरली म्हणून त्या काळाचीच कीव करावयाची, ही चूक इतिहास शिकविणाऱ्याने तरी करू नये. वर्गात हे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. घरी मात्र स्वतःच ह्या चुकीत सापडलो, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या चंद्रपूरच्या घरी जुन्या धाटणीचा, व्हॉल्व्हवर चालणारा एक अँप्लिफायर आला. त्याची शक्ती अवघी ८ वॉट. आम्ही तो दिवाणखान्यातील लहानशा आधुनिक स्पीकरांस जोडला. गायकाची आलापी चालू होती तोवर सारे ठीक होते. पण तबला द्रुत लयीत शिरताच आवाज फाटू लागला. 'जुनेच तंत्र ते, त्याच्याकडून अपेक्षा ती काय करावी?' असे म्हणून आम्ही ते यंत्र विकावयास काढले.

त्याच हिवाळ्यात गडचिरोली जिल्ह्यातील वडशाकडे नाटक पाहावयास जाण्याचा योग आला. धानाचा हंगाम आटोपला की झाडीपट्टीत रात्र रात्र नाटके रंगतात, हे वाचकांस विदित असेलच. मंडपात बसल्या बसल्या आम्हांस बालपण आठवले. वीज न पोचलेल्या गावी मोटारीच्या बॅटरीवर चालणारा एक लहान अँप्लिफायर आणि बांबूस बांधलेला पत्र्याचा कर्णा, एवढ्या सामग्रीवर शिवारापर्यंत संवाद ऐकू जात. तेथे थोडी शक्ती पुरे पडे, आणि आमच्या चार भिंतींत ती अपुरी का पडावी?

ह्याचे उत्तर इतिहासातच आहे. आरंभीच्या ग्रामोफोनला विजेचा स्पर्शही नव्हता. सुईचे कंपन कर्णाच घरभर पोचवी. सन १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट ह्याने तीन अग्रांचा व्हॉल्व्ह सिद्ध केला, तरी पुढे कित्येक वर्षे विद्युत्शक्ती महागच राहिली. म्हणून त्या पिढीच्या शास्त्रज्ञांनी आपली बुद्धी कर्ण्यावर खर्च केली. कर्णा नवी शक्ती उत्पन्न करीत नाही. कंप पावणाऱ्या पडद्याचा जोर हवेत उतरण्याची वाट तो सुकर करतो, इतकेच. सन १९३१ मध्ये 'आलम आरा'ने आपला चित्रपट बोलका झाला. त्याच दशकात वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनी लहान चित्रगृहांस सुमारे ८ वॉटांचे अँप्लिफायर पुरवीत होती, आणि ते पुरत होते!

पुढे वारे फिरले. सन १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर ह्याने लहान बंद पेटीतून खर्जाचे गंभीर स्वर काढून दाखविले. घरातील जागा वाचली, पण स्पीकराची संवेदनक्षमता घटली. नंतर ट्रान्झिस्टरने वॉट स्वस्त केले आणि ही उणीव कोणास जाणवेनाशी झाली.

आता हिशेब पाहा. १ वॉट दिला असता १ मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, ह्यावरून स्पीकराची संवेदनक्षमता ठरते. दर ३ डेसिबलांस शक्ती दुप्पट लागते. आमचे लहान स्पीकर ८५ डेसिबलांचे. ८ वॉटांत ते कसेबसे ९४ पर्यंत पोचतात. १०० डेसिबलांच्या कर्ण्यास तेवढ्याच आवाजासाठी पाव वॉट पुरतो!

तथापि संवेदनक्षमता पाहिली म्हणजे काम संपले असे नाही. व्हॉल्व्हला हजारो ओहमांचा भार मानवतो, स्पीकर असतो ८ ओहमांचा. ही सोयरीक मधला ट्रान्सफॉर्मर जुळवितो. ३५०० ओहमांची ८ शी गाठ घालावयास त्याच्या वेढ्यांचे प्रमाण सुमारे २१ ला १ लागते. म्हणून ८ ओहमांचा स्पीकर त्याच आकड्याच्या खुंटीस जोडावा. ज्याचा रोध स्वरागणिक वरखाली होऊन २-३ ओहमांवर घसरतो, असा स्पीकर कितीही संवेदनक्षम असला तरी ह्या अँप्लिफायरास जाचकच होतो. स्वरांचा समतोल ढळतो.

अखेर आम्ही एका सुताराकडून कर्ण्याच्या दोन पेट्या करून घेतल्या. त्यांनी दिवाणखान्याचे दोन कोपरे अडविले असून घरची मंडळी त्यांस 'कपाटे' म्हणतात. तक्रार रास्त आहे. वॉटांत जे वाचविले ते जागेत भरावे लागले. परंतु पहिल्याच संध्याकाळी तीच ध्वनिमुद्रिका लावली, तेव्हा तबल्याचा प्रत्येक बोल सुटा आणि भरीव उमटला. यंत्र विकण्याचा विचार आम्ही तेथेच सोडला. ज्यास आम्ही दुबळा म्हणून घराबाहेर काढीत होतो, त्यास त्याचा जोडीदारच मिळाला नव्हता.