भोंग्यावर चालणारं घर

गिरणगावात दिवसाची वेळ घरात ठरत नसे. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापड गिरणी काढली, आणि पुढच्या काही दशकांत परळ-लालबागच्या चाळी गिरणीच्या भोंग्यावर उठू-झोपू लागल्या. भोंगा झाला की चूल पेटायची, नळाला पाणी यायच्या आधी हंडे-कळशा रांगेत लागायच्या. कोणत्या पाळीचा माणूस केव्हा जेवायला येणार, हे खानावळवाल्या बाईला न विचारता ठाऊक असे. एखादीला वेळेचं भान राहिलं नाही, तरी शेजारणीची भांडी वाजायचीच. आज ज्याला एडीएचडी म्हणतात, म्हणजे लक्ष टिकवणं आणि वेळ सांभाळणं जड जातं, तसे आईबाप त्या चाळींतही असणारच. १९०२ मध्ये जॉर्ज स्टिल यांनी लंडनच्या व्याख्यानांत अशा मुलांचं वर्णन केलं, पण हे नाव अमेरिकी मानसोपचाराच्या निदान-पुस्तिकेत आलं ते १९८७ मध्ये. रसेल बार्कली हे मानसशास्त्रज्ञ सांगतात की अडचण आळसाची नसून वेळ जाणवण्याची आहे, म्हणून वेळ डोक्यात न ठेवता बाहेर, दिसेल-ऐकू येईल अशी मांडावी. माझं म्हणणं असं की गिरणगावात ती तशी मांडलेलीच होती, आणि घराची शिस्त एकट्या माणसाच्या स्मरणावर टांगलेली नव्हती.

यावर कोणी म्हणेल, भोंगा मालकाचा होता. खरं आहे. उशीर झाला की फाटक बंद, आणि जागेवर बदली कामगार. १९०६ च्या जानेवारीत, घड्याळं ३९ मिनिटांनी पुढे नेणाऱ्या नव्या प्रमाणवेळेविरुद्ध गिरणी कामगारांनी काम बंद केलं, ते उगीच नव्हे. पाळीवरून आलेल्या बाईला घरची दुसरी पाळी चुकत नव्हती, हेही विसरता येत नाही. तो काळ सुखाचा होता असा माझा दावा नाहीच. पण जाच मालकाचा असला, तरी आठवण सगळ्यांची होती, आणि या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या. जाच दुसऱ्या रूपांत उरला, सामायिक आठवण मात्र गेली. आता डबा, शाळेची बस, लसीची तारीख, वीजबिल हे सारं बहुतेक घरांत आईच्या डोक्यात असतं. तिलाच एडीएचडी असेल तर तिला निष्काळजी ठरवलं जातं. औषधानं लक्ष टिकायला मदत होते, पण सकाळी सातला मजल्यावरची चार मुलं एकत्र खाली उतरवण्याची व्यवस्था औषधाच्या गोळीत नसते. ती शेजाऱ्यांनी, नवऱ्यानं आणि शाळेनं मिळून उभी करायची असते.